विरजण बाजूला काढलंत का?

कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटच्या वाचनकट्ट्यावर नव्या सभासदाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची, अशी पद्धत आहे. मात्र त्या ओळखीत कंपनी, व्हिसा, घराची किंमत आणि मुलांचं कॉलेज यांचा उल्लेख करायचा नाही. हा नियम कुणा शहाण्या माणसाने केला असणार, कारण एवढे विषय काढून घेतले की आमच्यातले बहुतेक लोक गप्पच होतात. त्याऐवजी आपल्याला कशाचं वेड आहे ते सांगायचं, आणि या जगाविषयीचा असा एखादा प्रश्न सांगायचा की जो आपल्याला स्वस्थ बसू देत नाही. मग सगळे टाळ्या वाजवतात आणि जेवायला उठतात.

मी या कट्ट्यावर बरीच वर्षं जातो आहे, पण सभासद म्हणून नव्हे. सभासद माझी बायको होती. मी गाडी चालवायचो, चपला काढतात तिथल्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचो आणि परतीची गाडी चालवायचो. पहिल्या दिवशी तिनेच माझी ओळख करून दिली. "हा माझा नवरा. बोलत नाही फारसा, पण निरुपद्रवी आहे." लोक हसले, मीही हसलो. त्यानंतर मला दुसऱ्या ओळखीची गरज कधी पडली नाही.

ती गेल्या वर्षी गेली. कट्ट्याच्या लोकांनी काही महिने मला बोलावलं नाही, आणि मग बोलावलं. दोन्ही गोष्टी त्यांनी चांगुलपणाने केल्या. दोन-तीनदा मी जाऊन त्याच खुर्चीत बसून आलो. मग कट्टा चालवणाऱ्या बाईंचा फोन आला.

"आता येताच आहात, तर रीतसर सभासद व्हा ना. पुढच्या रविवारी तुमची ओळख ठेवते."

"माझी ओळख आहे की सगळ्यांना."

"ती तिने करून दिलेली. तुम्ही कुठे करून दिलीत?"

मला उत्तरं सुचतात, पण फोन ठेवून झाल्यावर.

मी फार हळू लिहितो. एक परिच्छेद लिहायला मला एक संध्याकाळ लागते आणि तो खोडायला दुसरी. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं की मला शब्दकोश पहिल्या पानापासून वाचायचं वेड आहे. ते खरंच आहे, पण मी अजून 'क'च्या पुढे गेलेलो नाही. दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं की जुन्या पुस्तकांची बांधणी दुरुस्त करण्याचा मला छंद आहे. तेही खरं आहे. मी दुरुस्त केलेली पुस्तकं पुन्हा उघडत नाहीत, एवढीच अडचण.

प्रश्नाची मात्र अडचण नव्हती. समोर दिसतं ते खरंच आहे का, हा प्रश्न मला कॉलेजपासून पडतो. जेवणाच्या टेबलावर बसून मी पुष्कळदा विचार करत असे की हे टेबल आपण खोलीतून गेल्यावरही इथे असतं का. लग्नानंतर एकदा मी तो विचार मोठ्याने बोलून दाखवला. बायकोने नीट ऐकून घेतलं. मग फडकं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आहे की नाही ते ठरलं की सांग. तोवर पुसून घे."

पण कट्ट्यावर टेबलाबद्दल बोलावंसं वाटेना. मला दह्याबद्दल बोलायचं होतं.

आमच्या घरच्या दह्याला एक इतिहास आहे. निदान असं मी समजत होतो. आमचं लग्न नागपूरला झालं आणि आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा माझ्या आईने एक स्वच्छ रुमाल घरच्या दह्यात बुडवला, सावलीत वाळवला आणि घडी करून सुनेच्या हातात दिला. फ्रीमाँटला पोचल्यावर हा कोमट दुधात सोड, आपलं दही तिकडे लागेल, असं सांगितलं. तसं ते लागलं. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून कालच्या दह्यातलं चमचाभर आज, आजच्यातलं चमचाभर उद्या, असं ते, ओव्हनमधला दिवा उबेसाठी लावून त्यात ठेवलेल्या पातेल्यात चालत आलं. आईला रविवारी फोन केला की मी सांगायचो, "तुझं दही अजून चालू आहे बरं का." आई खूश व्हायची. शेवटपर्यंत ती शेजारणींना सांगत असे की माझं दही अमेरिकेत आहे, जणू काही ते नोकरीला लागलं होतं.

बायको आजारी पडली तेव्हा तिने मला दही लावायला शिकवलं. ती पलंगावरून सूचना द्यायची आणि मी स्वयंपाकघरातून ओरडून उत्तरं द्यायचो. "बोट घालून बघ," ती म्हणायची. "थर्मामीटर नको." मी थर्मामीटर घालायचो आणि बोट घातलं म्हणून सांगायचो. पहिल्या दिवशी दूध इतकं गरम होतं की ते फाटलंच. तिने एक चमचा खाल्लं आणि म्हणाली, "चालेल. पनीर म्हणू." पुढे पुढे मला जमायला लागलं. ती गेल्यावरही मी ते रोज लावत राहिलो. एकट्या माणसाला इतकं दही लागत नाही. मी सकाळी दहीपोहे, दुपारी दहीभात आणि रात्री ताक, असा जगत होतो. पण थांबवता येईना. तिच्या साड्या होत्या, पुस्तकं होती, पण ती जिथल्या तिथे होती. तिच्या हातचं असून अजून रोज पुढे चाललेलं असं घरात एवढंच होतं, आणि ते चालू ठेवणं माझ्याकडे होतं.

आई गेल्यावर या दह्याबद्दल मला एक प्रश्न पडायला लागला होता, तो आता नेमका झाला. आजच्या पातेल्यात तिने हात लावलेलं काही उरलेलं नाही. दूध नवं, पातेलं नवं, थेंबन् थेंब नवा. तरीही हे तेच दही आहे, असं मी म्हणतो. मग 'तेच' म्हणजे नेमकं काय? यावर मी तीन पानं लिहिली आणि मला ती आवडली, हे मुद्दाम सांगतो. स्वतःचं लिखाण मला क्वचित आवडतं आणि आवडतं तेव्हा हमखास काहीतरी बिघडलेलं असतं.

कट्ट्यावर प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा असतो. मी मठ्ठा न्यायचं ठरवलं. व्याख्यानाचा विषयच श्रोत्यांच्या हातात पेल्यातून द्यायचा, ही कल्पना मला फारच सुरेख वाटली. शनिवारी मी मोठ्या पातेल्यात दूध तापवलं आणि लहान पातेल्यातलं होतं नव्हतं ते सगळं दही त्यात घातलं. रविवारी सकाळी ते सगळं घुसळलं. आलं, मिरची, कोथिंबीर, जिरेपूड, मीठ. दोन्ही पातेली डिशवॉशरमध्ये लावली. हे करताना मी भाषण पाठ म्हणत होतो. 'हे दही संपत नाही' हे त्यातलं शेवटचं वाक्य होतं आणि ते म्हणत म्हणत मी दही संपवलं.

कट्ट्यावर उन्हातून आलेल्या लोकांनी मठ्ठ्यावर उडी घातली. "आधी प्या, मग ऐका," असंही मी म्हणालो. मग उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सलग बोललो. रुमालाबद्दल बोललो, आईबद्दल, ओव्हनमधल्या दिव्याबद्दल. बायकोबद्दल बोलताना आवाज थोडा बिघडला, पण सावरला. शेवटचं वाक्य म्हणून मी खाली बसलो. टाळ्या वाजल्या. दोन-तीन जणांनी डोळे पुसले.

मग आमच्या रांगेतल्याच एका टाउनहाउसमध्ये मुलाकडे राहणाऱ्या काकू बोलल्या. त्या कट्ट्यावर सगळ्यात वयस्क. आम्ही इकडे आल्यापासून माझ्या बायकोची रोजची ऊठबस त्यांच्याकडे होती.

"फार छान बोललास रे," काकू म्हणाल्या. "विरजण बाजूला काढलंस ना?"

"कधी?" मी विचारलं.

"मठ्ठ्याआधी. विरजणापुरतं. वाटीत."

"नाही," मी म्हणालो.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"अहो, मठ्ठ्यातूनच घ्या ना चमचाभर. मीठ असलं तरी लागतं कधी कधी."

"मठ्ठ्याचा जग कुठाय? जग बघा रे!"

"मी विसळून ठेवला," यजमान सिंकजवळून अपराधी आवाजात म्हणाले. "मठ्ठा एकदम मस्त झाला होता यार. थेंब नाही ठेवला कुणी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी कट्ट्यावर सांगायला बंदी आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय काय बिघडू शकेल याचा आधीच विचार करायचा, याचा मला पगार मिळतो. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी सांगतो की ज्याची दुसरी प्रत नाही, ते आपल्याकडे नाहीच असं समजायचं. ती मुलं हे वाक्य माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

घरी येऊन मी डिशवॉशर उघडला. पातेली कधी नव्हे इतकी स्वच्छ निघाली होती. कडेला, बुडाला, झाकणाच्या खाचेत बोट फिरवून पाहिलं. अखेर बोट वापरलं, तिने सांगितल्याप्रमाणे.

मुलीला फोन केला. ती बेलव्ह्यूला असते. तिने आधी काळजीने ऐकलं. बाबा पडलेबिडले नाहीत हे कळल्यावर तिने श्वास सोडला.

"बाबा, इट्स जस्ट योगर्ट."

"नाही गं."

"आय नो," ती म्हणाली. "आय नो इट्स नॉट. सॉरी." मग तिने हळूच मराठीत विचारलं, "काकूंकडे असेल ना? आई त्यांना द्यायची."

हे मला सुचायला हवं होतं. विरजण शेजारी जातं, शेजारून येतं, ही काही गुप्त विद्या नाही. पण मी तीन पानं दह्याच्या सातत्यावर लिहिली होती आणि त्यात शेजार कुठेच आला नव्हता.

सकाळी वाटी घेऊन काकूंकडे गेलो. त्या वाटच बघत होत्या. चहा तयार होता, आणि ओट्यावर दह्याचं पातेलं झाकून ठेवलं होतं.

"काकू, तिच्या दह्याचं विरजण आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. बस." त्यांनी माझी वाटी बघितली आणि बाजूला ठेवली. "किती ही लहान वाटी." स्वतःच्या मोठ्या वाटीत दही काढून माझ्यापुढे ठेवलं.

मला फार हलकं वाटलं. ती वाटी दोन्ही हातांत धरून मी म्हणालो, "वाचलो काकू. आईच्या रुमालापासून चालत आलेलं, आणि माझ्या मूर्खपणामुळे..."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, त्या रडताहेत. त्या हसत होत्या.

"अरे, काल मी बोलले नाही. एवढ्या लोकांत कुठे बोलायचं. त्या रुमालाने दही लागलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच लागलं. दुधाला नुसता साबणाचा वास आला. पोर रडत आली माझ्याकडे. नवीन लग्न, सासूने विश्वासाने दिलेली वस्तू. मी म्हटलं, रडू नकोस, दुकानातून डबा आण दह्याचा, साधा. तर तिने व्हॅनिलाचा आणला. मग परत पाठवली. दुसरा आणला, त्याचं लावून दिलं आम्ही. तू संध्याकाळी जेवायला बसलास, पहिला घास घेतलास आणि काय म्हणालास?"

मी काय म्हणालो होतो ते मला चांगलं आठवत होतं. कालच मी ते भर सभेत सांगितलं होतं.

"'ही आमच्या आईच्या हातची चव'," काकू म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आणून! दुसऱ्या दिवशी ती इथे बसली होती, तू बसलायस तिथेच. म्हणाली, काकू, आता याला काय सांगू?"

"मग सांगितलं का नाही?"

"तू लगेच आईला फोन केलास ना, की तुझं दही लागलं म्हणून. आता सासूला कोण सांगणार?"

"आई गेल्यावर सांगायचं."

"सांगणार होती रे. पण तोवर तू त्यावर विचार करायला लागला होतास. म्हणाली, इतका मन लावून विचार करतोय, करू दे."

मी वाटीकडे बघितलं.

"आणि ते तरी कुठे एक राहिलं," काकू आता थांबेनात. "तुम्ही इंडियाला गेलात की फ्रीजमध्ये हिरवं व्हायचं. मग ती माझ्याकडून न्यायची. आमच्याकडे सुनेने एकदा सगळं कढीत घातलं, तेव्हा मी तिच्याकडून आणलं. कुणाचं कुणाकडे आलं ते आता त्या दह्यालाच विचार."

मला राग यायला हवा होता, असं मला वाटलं. टेबल आहे की नाही याची वर्षानुवर्षं चौकशी करणाऱ्या माणसाने त्याच टेबलावरचं दही एकदाही तपासलं नव्हतं. रविवारी मी फोनवर आईला सांगत असे तेव्हा बायको शेजारीच कणीक मळत असायची. मान खाली घालून. ती लाजते आहे, असं मी समजायचो. आता ती मान मला दिसली, खांदे दिसले, ते कसे हलत असत ते दिसलं, आणि मी हसायला लागलो. बराच वेळ हसलो. मग ते हसणं राहिलं नाही. काकू चहा गरम करून आणते म्हणून आत गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत. चहा गरमच होता.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, "मग काकू, हे तिचं म्हणायचं की नाही?"

"ते तू ठरव. तुझा विषय आहे तो," काकू म्हणाल्या. "माझी वाटी तेवढी आठवणीने परत आण."

त्या संध्याकाळी मी दूध तापवलं, बोट घालून बघितलं आणि दही लावलं. सकाळी ते लागलं होतं. चव घेतली. आईच्या हातची वाटेना, दुकानातलीही वाटेना. इतकी वर्षं जी खात होतो तीच होती. मी एक वाटी विरजण स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवलं, एक गराजमधल्या फ्रीजमध्ये, आणि एक कट्टा चालवणाऱ्या बाईंना नेऊन दिलं. त्यांनी सभासदांच्या यादीत माझं नाव घातलं असल्याचं सांगितलं. माझी ओळख फार परिणामकारक झाली म्हणे. त्या दिवसापासून निम्मा कट्टा आधी वाटी काढून ठेवतो.

काही आठवड्यांनी काकूंचा फोन आला. "अरे, आमचं दही संपलं. विहीणबाई आल्यात नागपूरहून, त्यांना रोज दोनदा लागतं. आहे का तुझ्याकडे?"

मी त्यांचीच वाटी भरून नेली. विहीणबाई सोफ्यावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी काकूंना विचारलं, "हे कोण?"

"आमचा शेजारी," काकू म्हणाल्या. "बोलत नाही फारसा. पण दही चांगलं लावतो."

मी दारात उभा होतो. चप्पल काढायची राहिली होती.

विहीणबाईंनी वाटीतलं दही चमच्याने घेऊन चाखलं. डोळे मिटले. पुन्हा एक चमचा घेतला. "अहो, हे तर अगदी आमच्या आईच्या हातचं," त्या म्हणाल्या. "घरचं विरजण दिसतंय जुनं. मी पुढच्या आठवड्यात परत जाते आहे. एक काम कराल? एक रुमाल बुडवून, वाळवून द्याल मला? नागपूरला लावीन."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, देतो. रुमाल साबण न लावता चांगला दोन-तीनदा उकळून घेतला, दह्यात बुडवला, पाठीमागच्या पॅटिओत सावलीला वाळत घातला. दुसऱ्या दिवशी घडी करून नेऊन दिला. हे विरजण मुळात कुणाचं, असं विहीणबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बायकोचं." त्याच्यापुढे काही सांगितलं नाही. मी तसाही फारसा बोलत नाही.